मैनाला नकार शिकवणाऱ्या बाई

आमच्या शाळेत येणाऱ्या पाहुण्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं. व्हरांड्यात उभं राहून, आवाज मऊ करून ते बाईंना म्हणतात, "खरंच, तुमच्यात किती पेशन्स आहे हो!" बाई हसतात आणि कुणाचं तरी नाक पुसायला वळतात. मी शाळेची गाडी चालवतो. सकाळी मुलं आणतो, दुपारी घरी पोचवतो आणि मधल्या वेळात नळ, बिजागऱ्या, चाकांच्या खुर्च्या, जे बिघडेल ते दुरुस्त करतो. त्यामुळे बाईंचा पेशन्स मी रोज जवळून बघतो आणि तो पाहुण्यांना वाटतो तसला नाही, हे छातीठोकपणे सांगतो. बाई चिडतात. कपाट लाथेने बंद करतात. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना त्या, "मुलांना हात लावायची किळस येत असेल, तर त्यांच्यासोबत फोटोही काढू नका," असं तोंडावर सुनावून मोकळ्या झाल्या होत्या. पुढे दोन दिवस मुख्याध्यापकांचा चेहरा एवढासा झाला होता.

त्यांचा दिवस फाटकातच सुरू होतो. गाडीचं दार उघडलं की रात्री कोण झोपलं नाही, वाटेत कुणाला फिट आली, कुणाच्या आईने औषध द्यायचं राहिलं म्हणून निरोप दिलाय, हे मी भराभर सांगतो. ते ऐकता ऐकताच त्या एकेकाला हात धरून उतरवतात. वर्गात आठ मुलं. त्यातला पैलवान अंगाने दणकट, पण फुगा फुटला तरी टेबलाखाली जाऊन बसणारा. दुसरा इन्स्पेक्टर. शाळेतलं प्रत्येक दार बंद आहे की नाही हे तपासल्याशिवाय तो जागेवर टेकत नाही. बाईंनी त्याची ही फेरी कधी थांबवली नाही. उलट शाळा सुटताना त्या त्याला माझ्याबरोबर कुलपं लावायला पाठवतात.

मग दिवसभर तेच ते. कुणाला शर्टाचं बटण लावायला शिकवायचं, कुणाला चमचा न सांडता तोंडापर्यंत न्यायला, कुणाला शू आल्याचं आधी सांगायला. कुणी चड्डी भिजवली तर ती बदलायची. कुणी भिंतीवर डोकं आपटायला लागलं, तर डोकं आणि भिंत यांच्यामध्ये आपला तळहात ठेवायचा. जेवताना कुणाला ठसका लागतोय का, इकडे एक डोळा. फाटकाशी कुणाची आई रडत उभी असेल तर तिला पाणी द्यायचं आणि मध्ये न बोलता ऐकून घ्यायचं. एक बटण लागायला कधी वर्ष जातं. ते लागलं की बाई शेजारच्या वर्गात जाऊन सांगून येतात.

कानात, गळ्यात, हातात त्या काही घालत नाहीत, कारण ओढलं जातं. केस करकचून बांधलेले. कोपराखाली चावे आहेत, जुने आणि नवे, म्हणून कितीही उकाडा असला तरी लांब बाह्या. घरी पाण्याचे मीटर तपासणारा नवरा आणि कॉलेजात जाणारा मुलगा. हा मुलगा एकदा शाळेत आला असताना मला म्हणाला, "काका, मी चालायला लागलो तेव्हा आई म्हणे फक्त 'बरं झालं' म्हणाली. आणि तुमचा पैलवान पहिल्यांदा जिना चढला तेव्हा हिने अख्ख्या बिल्डिंगला आइस्क्रीम वाटलं!" बाई म्हणाल्या, "तुझं काय, तू आपोआप चाललास." मुलगा हसला, पण त्याला ते थोडं लागलं असावं.

आता मैनाचं सांगतो. ती आली तेव्हा सात वर्षांची होती आणि तोंडातून एक शब्द काढत नव्हती. म्हणून स्वयंपाकाच्या मावशींनी गमतीत तिचं नाव मैना ठेवलं, ते कायमचं चिकटलं. वडील वेल्डर. लग्न उशिरा झालेलं, मूल त्याहून उशिरा. आई मैनाच्या पंधराव्या वर्षी गेली. तेव्हापासून घरी ती दोघंच. वेल्डरच्या डोळ्यांना आता धड दिसत नाही आणि दोन पायऱ्या चढला की त्याला धाप लागते.

मैनाच्या हातात काही दिलं की ती ते त्याच क्षणी सोडून द्यायची. ग्लास, चमचा, ब्रश, सगळं खाली. हातात वस्तू धरायची असते हेच तिला माहीत नव्हतं. बाईंनी तिच्या हातावर आपला हात ठेवून "धर" शिकवलं. "धर" म्हणायचं आणि तिची बोटं आपल्या बोटांत घट्ट ठेवायची. मग "सोड" म्हणायचं आणि बोटं सैल करायची. शाबासकी मिळायची ती "सोड" म्हणेपर्यंत धरून ठेवलं तरच. दोन वर्षं गेली यात. पण जमलं. पुढे "बस", "ऊठ", "चल", "दे" हेही जमलं आणि मैना शाळेतली सगळ्यात शहाणी मुलगी झाली. शाळेच्या कार्यक्रमात तिच्या हातात स्वागताची पाटी दिली होती, तर पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत ती हलली नाही. आमच्या पाहुण्यांची भाषणं म्हणजे काय असतात ते मला विचारा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाईंनाही त्या दिवशी तिचा अभिमान वाटला होता.

मैनाला अठरावं लागलं तेव्हा शाळा संपत आली. अठरा पूर्ण झाली की आमच्याकडे ठेवता येत नाही. वेल्डरने दुसऱ्या शहरातल्या एका निवासी संस्थेत अर्ज केला. तिथे तीसेक मुली कायमच्या राहतात. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मैना तिकडे जायची होती.

आणि मग दुधाचा प्रकार झाला. मधल्या सुट्टीआधी दूध उतू गेलं. मावशींनी फडक्याने धरून पातेलं उचललं. ओट्यावर जागा नव्हती आणि मैना ग्लास न्यायला तिथेच उभी होती. "धर गं जरा," म्हणत त्यांनी पातेलं फडक्यासकट तिच्या हातात दिलं आणि शेगडी पुसायला वळल्या. फडकं निसटलं. मैना पातेलं धरून उभी राहिली. ती ओरडली नाही, रडली नाही, आणि तिने पातेलं सोडलंही नाही. बाई ग्लास मागायला आल्या, त्यांनी तिचा चेहरा पाहिला. तोंडातून "सोड" निघालं असतं तर उकळतं दूध तिच्या पायांवर गेलं असतं. बाईंनी काही न बोलता उघड्या हातांनी पातेलं धरलं, ओट्यावर आदळलं, आणि मग म्हणाल्या, "सोड." तेव्हा मैनाने बोटं उघडली. कातडी पातेल्याला चिकटून आली.

दवाखान्यात मीच घेऊन गेलो दोघींना. दोघींचे हात पट्ट्यांत गुंडाळलेले. परत येईपर्यंत शाळेत मावशींना सगळ्यांनी फैलावर घेतलं होतं, आणि त्या बिचाऱ्या पिठाच्या डब्यावर बसून हुंदके देत होत्या. मुख्याध्यापक त्यांना काढून टाकायच्या गोष्टी करत होते. बाई म्हणाल्या, "मावशींना काही बोलू नका. त्यांनी भलतंच काही सांगितलं नाही. पोरीला मी भाजलंय."

"अहो, काहीतरीच काय बोलता!" मुख्याध्यापक म्हणाले.

"अकरा वर्षं मी तिला ऐकायला शिकवलं. कुणीही सांगो, काहीही सांगो, ऐकायचं. ऐकायचं नाही असंही काही असतं, हे एकदाही शिकवलं नाही. आज दूध होतं. उद्या ती परक्या लोकांत राहायला जाणार आहे. तिथे कोण तिला काय 'धर' म्हणेल आणि कुठे 'चल' म्हणेल, हे तुम्हाला सांगता येतं का?"

 मला स्वतःच्या दोन मुली आहेत. 

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी मैनाचं बाकीचं सगळं शिकणं बंद केलं. हातात सहा-सात महिने होते आणि एकच गोष्ट शिकवायची होती. मैनाला चिकट डिंक आवडत नाही. बाई डिंकाची बाटली तिच्या बोटांजवळ न्यायच्या, तिचा तळहात धरून बाटलीला पुढे ढकलायला लावायच्या, तोंडाने "नको" म्हणायच्या आणि ढकलताक्षणी बाटली दूर करायच्या. त्याच क्षणी, जराही उशीर नाही. शाळेतल्या सगळ्यांना त्यांनी बजावून ठेवलं होतं, की मैनाने हात पुढे केला की जे चाललं असेल ते तिथेच थांबवायचं. "एकदा जरी तिचं नको कुणी चिरडलं, तर सगळं पाण्यात गेलं. तिला वाटेल, हे नुसतंच हातवारे करणं आहे."

बरेच आठवडे काही हललं नाही. मैना बाटलीकडे बघायची, बाईंकडे बघायची आणि बोटं डिंकात घालायची, कारण बाईंनी बाटली पुढे केली म्हणजे तेच करायचं असेल. बाई वर्गाबाहेर येऊन पायरीवर बसायच्या. एकदा मी चहा नेऊन दिला तर म्हणाल्या, "काका, किती पक्कं शिकवलंय हो मी हिला!" आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मग एका सकाळी गाडीत पट्टा लावताना मैनाने माझ्या छातीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "को." आधी मला कळलंच नाही. ती पुन्हा म्हणाली, "को." मी पट्टा सोडला, शाळेत फोन लावला आणि रस्त्यातच ओरडलो, "बाई, मला नको म्हणाली!" पलीकडून बाई हसत होत्या का रडत होत्या, काही कळलं नाही. पट्ट्याशिवाय गाडी काढता येत नाही, म्हणून गाडी तिथेच उभी. बाकीच्या मुलांनी गलका केला. तिने आपणहून पट्टा ओढला तेव्हा आम्ही निघालो, आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून माझा उद्धार केला तो वेगळाच.

त्यानंतर मैनाने आमच्या नाकी नऊ आणले. कंगवा को, दूध को, चप्पल को, वर्ग को. सगळ्यांनी थांबायचं. मी वैतागलो, मावशी वैतागल्या. एक दिवस वेल्डर धापा टाकत शाळेत आला आणि बाईंवर कडाडला.

"बाई, माझी पोर बिघडवलीत तुम्ही! शांत आहे, सांगितलेलं ऐकते म्हणून ते लोक तिला घ्यायला तयार आहेत. असली हट्टी झाली तर तिला ठेवून कोण घेईल? मी किती दिवसांचा आहे, ते बघताय ना?"

"बघतेय, दादा," बाई म्हणाल्या. "म्हणूनच शिकवतेय. तुम्ही नसताना तिच्या बाजूने बोलायला तिच्याजवळ हा एकच शब्द असणार आहे."

वेल्डर खुर्चीत बसून राहिला. बाईंचं पटलं असं नाही. पण त्याने मैनाच्या तळहातांवरचे वण पाहिले होते, त्यामुळे पुढे भांडलाही नाही.

संस्थेच्या अधीक्षिका मैनाला बघायला आल्या तो दिवस मला अजून आठवतो. बाईंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. अधीक्षिकांनी मैनाला बसायला सांगितलं, ती बसली. ग्लास आणायला सांगितला, आणला. मग वण बघायला म्हणून त्यांनी तिची मूठ धरून उघडायला घेतली. मैनाने हात मागे ओढला, दुसरा तळहात पुढे धरला आणि म्हणाली, "को." वेल्डरने डोळे मिटून घेतले. अधीक्षिका क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या, मग हात मागे घेत म्हणाल्या, "बरं, नको तर नको." आणि तिला घ्यायचं कबूल करून गेल्या. अधीक्षिका चांगल्या आहेत हो, आम्ही सगळे म्हणालो. त्या गेल्यावरच बाई पोटभर जेवल्या.

जायच्या आधी बाईंनी सगळी तयारी करून घेतली. मैनाला संस्थेचे फोटो दाखवले, दोनदा दिवसभरासाठी नेऊन आणलं. दोन्ही वेळा ती तिथे खुशीत होती, जेवली, झोपाळ्यावर बसली. त्यामुळे खरोखर जायच्या सकाळी मी वेल्डरच्या दारात गाडी उभी केली तेव्हा कुणालाच कसली धास्ती नव्हती. बाई सुट्टी असून आल्या होत्या. घर म्हणजे दोन खोल्या आणि रस्त्यावर उतरणाऱ्या तीन पायऱ्या. वेल्डरने बॅग गाडीत ठेवली. बॅगेच्या तोंडातून मैनाची उशी बाहेर आली होती. मैना उशीकडे बघत राहिली, मग वळून घराकडे बघितलं. बाईंनी गाडीचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "चल, मैना."

मैनाने उघड्या दारावर तळहात ठेवला. "को."

"चल बाळा, उशीर होतोय," वेल्डर म्हणाला.

"को." या वेळी मोठ्याने.

 मी म्हणालो, "बाई, हे वेगळं आहे. सगळं ठरलंय, तिथे लोक वाट बघतायत. आजचं नको धरायचं नाही."

"मग कुठलं धरायचं, काका?"

"अहो, पण जायला तर लागणारच ना तिला! तुम्ही नुसता कोपराला हात लावा, बसेल ती. तुमचं ऐकते."

ते खरंच होतं. बाईंचा हात अर्धा पुढे आलाही होता. मैना त्या हाताकडे बघत होती. इतकी वर्षं तो हात लागला की ती निघायची. आजही निघाली असती. बाईंनी हात मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरून ठेवले. "मी हात लावला तर ती येईल," त्या म्हणाल्या. "आणि परत कधी कुणाला नको म्हणणार नाही."  मला त्यांचा राग आला होता आणि त्यांचं बरोबर आहे हेही कळत होतं. दोन्ही एकदम झालं की माणसाचं डोकं फिरतं. मी उगाच जाऊन टायरला लाथ मारली.

वेल्डर हळूच पायरीवर बसला. धाप ओसरू दिली. मग म्हणाला, "मला वाटायचं, हिला कुठेही ठेवा, हिला सगळं सारखंच. तसं वाटायचं म्हणून तर अर्ज करवला माझ्याच्याने. हिला घर कळतं, हे मला कुणी सांगितलंच नाही." आणि तो म्हातारा माणूस भर रस्त्यात, शेजारपाजारचे बघत असताना, लहान पोरासारखा रडायला लागला.

बाईंनी अधीक्षिकांना फोन केला. पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. "हो, जागा दुसरीला जाईल, कळतंय मला," बाई म्हणाल्या. "नाही, बरी आहे ती. ती नको म्हणाली." फोन ठेवून त्या वेल्डरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "दादा, खोटं सांगत नाही. यातून काही सुटलेलं नाही. तुमची तब्येत तीच आहे, शाळाही संपलीय. पुन्हा कुठेतरी शोधावं लागेल, आणि या खेपेला तिला आठ-आठ दिवस तिथे ठेवून, तिला विचारत विचारत. वेळ लागेल. तोवर मी सुट्टीच्या दिवशी येत जाईन."

वेल्डरने मान हलवली. मग उठला, गाडीतून बॅग काढली आणि मैनासमोर उभा राहिला. तिचा हात धरून आत न्यायला म्हणून हात पुढे केला, आणि बाईंकडे बघून तो अर्ध्यावरच थांबवला. आयुष्यात त्याने तिला कधी काही विचारलं नव्हतं. नुसतं "चल" म्हणायचं, नुसतं "बस" म्हणायचं. काय शब्द वापरायचे हे त्याला सुचेना.

"घरात जायचं का, बाळा?" त्याने विचारलं.

मैनाने त्याच्या हाताकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. तळहात वर केला. "को."

वेल्डरने आमच्याकडे बघितलं. बाईंनी दोन्ही हात पुन्हा पाठीमागे धरले.

"बरं," तो म्हणाला. बॅग खाली ठेवली, पुन्हा पायरीवर बसला आणि सरकून शेजारी जागा केली. "मग इथेच बसू."